थेंब, चकती आणि सुईचं नेढं

आपल्या मराठीत 'चाळिशी' म्हणजे वयही आणि चष्माही. त्यामुळे चष्मा लावला की वय कबूल केल्यासारखंच! शेलूबाजारात बचत गटातल्या बायकांजवळ चष्म्याचा विषय काढला, की 'आता मले कोनती परीक्षा द्याची हाये वो?' म्हणून हसण्यावारी नेतात. आणि सुईत दोरा ओवायला नातवाला हाक मारतात.

म्हणूनच सप्टेंबर २०२४ मध्ये थेंब टाका, चष्मा विसरा अशा थाटाच्या बातम्या आल्या, तेव्हा मी त्या जरा जपूनच वाचल्या. मुंबईच्या एन्टोड कंपनीचे हे 'प्रेसव्हू' थेंब, किंमत ३५० रुपये. बाजारात यायच्या आतच, १० सप्टेंबर २०२४ ला केंद्रीय औषध नियंत्रकांनी परवानगी स्थगित केली. आक्षेप औषधापेक्षा जाहिरातबाजीवर होता. चष्म्याची गरज कमी होते, पंधरा मिनिटांत जवळचं दिसतं, असे दावे कंपनीने मंजुरीशिवायच केले होते.

औषध तसं जुनंच. पायलोकार्पिन, काचबिंदूसाठी कितीतरी वर्षं वापरतात. बाहुली आकसते आणि मुठीच्या फटीतून पाहिल्यासारखं जवळचं स्पष्ट दिसतं. पण काही तासच. डोकं दुखू शकतं, तिन्हीसांजेला अंधारल्यासारखं होतं. चुलीपुढे किंवा शेतातून परतताना हे कसं चालायचं?

शस्त्रक्रियेचंही तेच. पारपटलात इवलीशी चकती बसवायची, दहा-पंधरा मिनिटांचं काम. अमेरिकेत 'रेनड्रॉप' चकतीला २०१६ मध्ये मान्यता मिळाली आणि २०१८ मध्ये ती परत मागवावी लागली, कारण पारपटलावर धुरकटपणा येत होता. लेझरने एक डोळा दूरसाठी, एक जवळसाठी करतात. सगळ्यांना ते मानवत नाही. शिवाय आतलं भिंग वयासोबत कडक होतच राहतं. समृद्धी महामार्गामुळे शेलूबाजारहून नागपूर जवळ आलंय खरं, पण एवढ्यासाठी पैसे मोजण्याआधी हे डॉक्टरांना विचाराच.

खरी बातमी मला वेगळीच वाटते. २०१८ मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये आसामच्या चहामळ्यांतला अभ्यास छापून आला. चाळिशीपुढच्या ७५१ मजुरांपैकी निम्म्यांना साधा जवळचा चष्मा दिला. त्यांची पानं तोडण्याची वाढ इतरांपेक्षा सुमारे २२ टक्क्यांनी जास्त भरली. बहुतेक बायकाच होत्या. आपल्याकडे तूर निवडणं, शिवण, गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख वाचणं, यातलं नुकसान कोण मोजतं? घरातल्या पुरुषाचा चष्मा मात्र पेपर वाचता येईना की लगेच येतो.

अंधत्व नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात जवळचा चष्मा मोफत द्यायची तरतूद आहे. पण ती आहे वृद्धांसाठी. बचत गटाच्या कर्जावर शिलाई मशीन घेतलेली बेचाळीस वर्षांची बाई त्या शब्दात बसत नाही.