मेंदूतील यंत्र आणि त्याचे सुटे भाग

मेंदूत एक चकती बसवली की आंधळ्याला दिसू लागते, अशा चित्रफिती हल्ली घरोघरी मोबाइलवर फिरत आहेत. निजामपुऱ्यातल्या माझ्या दवाखान्यात अधूनमधून एखादे कुटुंब ती दाखवायला घेऊन येते. ‘डॉक्टरसाहेब, खर्च किती येईल? चार माग आहेत, त्यातले दोन काढू’, हे पुढचे वाक्य. ही तळमळ मला समजते. पण मागाला गिऱ्हाईक शोधण्याआधी थोडे ऐकून घ्यावे.

आपण पाहतो ते डोळ्याने, हे अर्धेच खरे. डोळ्यातील दृष्टिपटलावर चित्र पडते, तिथून मज्जातंतूमार्फत संदेश डोक्याच्या पार मागच्या भागातील मेंदूकडे जातो आणि तिथे त्याचा अर्थ लागतो. ही वाटच कायमची बंद झाली असेल, तर ती टाळून मेंदूच्या त्या भागाला विजेची सूक्ष्म स्पंदने द्यायची, अशी ही कल्पना आहे. म्हणजे मोतीबिंदू झालेल्याचा किंवा बुबुळावर फूल पडलेल्याचा या यंत्राशी काहीही संबंध नाही. त्यांच्यावर उपाय आहेत, आणि ते आपल्या आवाक्यातले आहेत.

कल्पना जुनी आहे. इंग्लंडमधील ब्रिंडली आणि लेविन यांनी १९६८ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात ५२ वर्षांच्या एका अंध बाईची हकिगत आहे. तिची दृष्टी काचबिंदूने गेली होती. मेंदूवर ८० इलेक्ट्रोड बसवले. त्यांतून वीज सोडली की तिला प्रकाशाचे ठिपके दिसत. काळ्या ताटात साबुदाण्याचे चार दाणे सांडावेत, तसे समजा. त्यानंतर अर्धे शतक उलटल्यावर, २०२१ साली, स्पेनमधील एल्चे येथील संशोधकांनी सोळा वर्षे अंध असलेल्या एका शिक्षिकेच्या मेंदूत ९६ सुयांची चकती सहा महिने ठेवली. तिला काही अक्षरे आणि आकारांच्या कडा ओळखता आल्या. संशोधन म्हणून हे मोठेच काम आहे. पण नातवाचा चेहरा तिला दिसला नाही, हेही तितकेच खरे. ठरल्याप्रमाणे चकती नंतर काढून टाकली.

सध्या गवगवा आहे तो एलॉन मस्क यांच्या न्यूरालिंक कंपनीचा. तिच्या यंत्राला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सप्टेंबर २०२४ मध्ये विशेष दर्जा दिला. हा दर्जा तपासणीची प्रक्रिया लवकर व्हावी म्हणून असतो. तो विक्रीचा परवाना नव्हे. जन्मांधांनाही दिसेल, असे मस्क म्हणतात. मला हे विधान घाईचे वाटते. जन्मांधाच्या मेंदूतील तो भाग रिकामा पडून नसतो. ब्रेल वाचताना तोच भाग कामाला लागतो, असे १९९६ मध्येच दिसून आले आहे.

शस्त्रक्रियेत जंतुसंसर्गाचा, विजेचा जोर वाढल्यास फेफरे येण्याचा धोका आहे. पण मला अधिक काळजी वाटते ती नंतरच्या वर्षांची. भिवंडीकरांना हे निराळे समजावायला नको. माग बनवणारा कारखाना बंद पडला की सुटे भाग मिळत नाहीत आणि चांगला चालता माग भंगारात जातो. डोक्यातले यंत्र भंगारात टाकता येत नाही. अमेरिकेच्या विल्यम डोबेल यांनी २००२ साली पोर्तुगालमध्ये काही अंधांच्या मेंदूत असे यंत्र बसवले. रुग्णांनी त्यासाठी मोठ्या रकमा मोजल्या होत्या. २००४ साली डोबेल वारले आणि यंत्रांना वाली उरला नाही. सेकंड साइट या कंपनीने जगभरात साडेतीनशेहून अधिक लोकांच्या डोळ्यांत दृष्टिपटलावरचे यंत्र बसवले, २०१९ मध्ये ते बनवणे थांबवले आणि २०२० मध्ये ती बुडण्याच्या बेतात आली. बिघाड झालेल्यांनी दुरुस्तीसाठी जायचे कुठे?

उलट उदाहरणही जवळच आहे. मुंबईत कंपवातासाठी मेंदूत तारा घालून वीज देण्याची शस्त्रक्रिया वीस वर्षांहून अधिक काळ होते आहे. तिथेही बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते. पण ती बदलणारे आहेत, म्हणून तो उपचार टिकला.

तेव्हा माझे मत स्पष्ट आहे. प्रयोगाच्या अवस्थेतील यंत्रासाठी रुग्णाकडून एक पैसाही घेऊ नये. आणि कंपनी राहो वा जावो, दुरुस्तीचा व गरज पडल्यास यंत्र काढण्याचा खर्च आधीच वेगळा ठेवल्याशिवाय सरकारने असा प्रयोग इथे होऊ देऊ नये. पैसे मागणारा मध्यस्थ भेटला तर त्याला दारातूनच परत पाठवा.

आता त्या दोन मागांविषयी. ते चालू ठेवा. आपल्या देशात २०१५ ते २०१९ दरम्यान झालेल्या पाहणीत पन्नाशीपुढील अंधत्वापैकी सुमारे ६६ टक्के मोतीबिंदूमुळे आढळले. त्याची शस्त्रक्रिया सरकारी योजनेत मोफत होते. काचबिंदूचे तसे नाही. गेलेली नजर परत येत नाही आणि जाताना बहुधा दुखतही नाही. घरात आईवडिलांना किंवा सख्ख्या भावंडाला काचबिंदू असेल, तर चाळिशीनंतर दरवर्षी डोळ्यांचा दाब आणि आतली शीर तपासून घ्यावी. मधुमेह्यांनी साखर आटोक्यात असली तरी वर्षातून एकदा बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडदा दाखवावा. त्या दिवशी चार-पाच तास जवळचे अंधुक दिसते. म्हणून पाळी संपल्यावर जा आणि घरी न्यायला कोणाला तरी सोबत घ्या.