सांता क्लारा: शहर महापौर चालवत नाही, मग कोण चालवते?

नोव्हेंबर २०२६ मध्ये कॅलिफोर्नियातील सांता क्लारा शहर नवा महापौर आणि दोन प्रभागांचे परिषद सदस्य निवडणार आहे. सुपर बोल आणि फुटबॉल विश्वचषकाचे सामने याच वर्षी तेथील लिवाइज स्टेडियमच्या वाट्याला आल्याने शहराचे नाव जगभर झाले. इंटेल आणि एनव्हिडिया यांची मुख्यालये असलेल्या या गावात मराठी माणसे थोडीथोडकी नाहीत. तरीही आपले शहर कोणत्या यंत्रणेने चालते, तिची निवड कशी होते आणि त्या निवडीत आपले स्थान काय, या प्रश्नांची उत्तरे आपल्यापैकी फारच थोड्यांना देता येतील. वॉशिंग्टनच्या राजकारणावर तासन्‌तास बोलणारे आपण, घराच्या विजेचा दर ठरवणाऱ्या सात व्यक्तींची नावे मात्र सांगू शकत नाही.

सुमारे सव्वा लाख वस्तीचे हे शहर अभ्यासण्याजोगे आहे. अमेरिकी नागरी शासनाची नेहमीची चौकट येथे दिसते आणि त्या चौकटीतला ताणही येथे उघडपणे दिसतो.

महापौर आणि मॅनेजर

भारतातून आलेला माणूस 'महापौर' हा शब्द ऐकताच दोनपैकी एक चित्र मनात आणतो. एक न्यूयॉर्कच्या बलाढ्य महापौराचे, तर दुसरे आपल्याकडच्या मानाच्या पण अधिकारशून्य पदाचे. सांता क्लाराचा महापौर या दोन्ही चित्रांत बसत नाही. त्याला सर्व शहराचे मतदार थेट निवडतात. परंतु सात जणांच्या परिषदेत त्याचे मत एकच असते. रस्ते, अग्निशमन, ग्रंथालये, उद्याने, बांधकाम परवाने हा रोजचा कारभार पाहतो तो सिटी मॅनेजर. तो निवडून येत नाही. परिषद त्याला नेमते आणि परिषदच त्याला काढू शकते.

या पद्धतीचा उगम विसाव्या शतकाच्या आरंभी झाला. पक्षांच्या स्थानिक सुभेदारांनी शहरांचे खजिने लुटले, त्याविरुद्ध सुधारकांनी चळवळ उभारली. व्हर्जिनियातील स्टॉन्टन या लहान गावाने १९०८ मध्ये पहिला व्यावसायिक व्यवस्थापक नेमला. १९१३ च्या महापुराने उद्ध्वस्त झालेल्या ओहायोतील डेटन शहराने १९१४ मध्ये हीच पद्धत स्वीकारली आणि ती देशभर पसरली. धोरण लोकप्रतिनिधींनी ठरवावे आणि अंमल तज्ज्ञाने करावा, हे तिचे सूत्र. कॅलिफोर्नियाच्या राज्यघटनेने स्थानिक पदे पक्षनिरपेक्ष ठेवल्यामुळे मतपत्रिकेवर उमेदवारापुढे पक्षाचे नावही छापले जात नाही.

येथे महाराष्ट्राशी तुलना उद्बोधक ठरते. आपल्या महानगरपालिकांतही कार्यकारी सत्ता महापौराकडे नसून आयुक्तांकडे असते. पण आयुक्ताला नेमते राज्य सरकार. नगरसेवकांची मुदत संपली आणि निवडणुका लांबल्या, तरी आयुक्त 'प्रशासक' म्हणून राहतात आणि शहर चालत राहते. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपल्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ हेच घडले. सांता क्लाराच्या मॅनेजरला ही सोय नाही. त्याचे पद सातांपैकी चार मतांवर अवलंबून असते. याचा अनुभव शहराने अलीकडेच घेतला. परिषदेने सप्टेंबर २०२१ मध्ये शहराच्या मुख्य वकिलाला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये सिटी मॅनेजरला बहुमताने पदमुक्त केले. म्हणजे तज्ज्ञाचा कारभारही अखेर निवडणुकीच्या निकालाशी बांधलेला आहे. म्हणूनच ती निवडणूक कशी होते, हा प्रश्न कळीचा ठरतो.

एकच मतदारसंघ, एकाच वर्गाचा विजय

१९५१ ची सनद लागू झाल्यापासून सांता क्लारात परिषदेच्या सहाही जागांसाठी सारे शहर हाच एक मतदारसंघ होता. उमेदवार एका क्रमांकित जागेसाठी अर्ज करी आणि प्रत्येक जागेसाठी शहरातील सर्व मतदार मत देत. वरकरणी ही व्यवस्था निष्पक्ष दिसते. परंतु ज्या गटाकडे शहरभरातील साधे बहुमत आहे, तो गट अशा रचनेत सहाच्या सहा जागा घेऊ शकतो. चाळीस टक्क्यांच्या गटाला चाळीस टक्के जागा सोडाच, एकही जागा मिळेल याची हमी राहत नाही.

सांता क्लारात नेमके हेच झाले. शहराच्या लोकसंख्येत आशियाई वंशाच्या रहिवाशांचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवर पोहोचले, तरी २०१८ पर्यंत त्यांच्यापैकी एकही व्यक्ती परिषदेवर निवडून आली नव्हती. राज्याच्या २००१ च्या मतदान हक्क कायद्याचा आधार घेऊन काही रहिवाशांनी शहरावर दावा दाखल केला. 'युमोरी-काकू विरुद्ध सांता क्लारा शहर' या नावाने तो ओळखला जातो. मतदान वांशिक रेषांवर विभागले जाते आणि एकसंध मतदारसंघाची पद्धत आशियाई मतदारांचे मत निष्प्रभ करते, असा निष्कर्ष न्यायालयाने २०१८ मध्ये काढला आणि शहराचे सहा प्रभाग पाडण्याचा आदेश दिला. त्याच नोव्हेंबरमध्ये प्रभागनिहाय मतदान झाले आणि भारतीय वंशाचे राज चहल निवडून आले. परिषदेवर पोहोचणारे ते पहिले आशियाई अमेरिकी सदस्य ठरले. शहराने अपील केले. ते डिसेंबर २०२० मध्ये फेटाळले गेले.

यात एक गोष्ट दुर्लक्षून चालणार नाही. कमी प्रभाग आणि प्रत्येकात अधिक सदस्य अशा पर्यायी रचनेचे प्रस्ताव शहराने जून २०१८ आणि मार्च २०२० मध्ये मतदारांसमोर ठेवले होते. मतदारांनी दोन्ही वेळा नकार दिला. त्यामुळे आजची सहा प्रभागांची रचना मतपेटीतून नव्हे, तर न्यायालयाच्या आदेशातून उभी राहिली. प्रतिनिधित्वाचा नियम बदलला की निकाल बदलतो, हे तिने एकाच निवडणुकीत दाखवून दिले. उमेदवारांची गुणवत्ता काही एका उन्हाळ्यात बदललेली नव्हती.

मत नसलेल्यांचे वजन

याच खटल्यातील दोन आकडे आपल्या वाचकांनी विशेष लक्षात घ्यावेत. लोकसंख्येतील आशियाई वाटा सुमारे ४० टक्के, पण मतदानास पात्र प्रौढ नागरिकांमध्ये तो सुमारे ३० टक्के. मधल्या दहा टक्क्यांच्या तफावतीत अर्थातच एच-१बी व्हिसावरचे अभियंते येतात, ग्रीन कार्डच्या रांगेत वर्षानुवर्षे उभी असलेली कुटुंबे येतात आणि त्यांची शाळकरी मुलेही येतात. ती तफावत म्हणजे बऱ्याच अंशी आपणच.

आता प्रभाग कसे आखले जातात ते पाहावे. सहा प्रभागांची लोकसंख्या जवळपास समान असावी लागते, आणि ही लोकसंख्या मोजली जाते ती जनगणनेतील सर्व रहिवाशांची, केवळ मतदारांची नव्हे. एकूण लोकसंख्येवर आधारलेली अशी रचना वैध असल्याचे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या 'एव्हनवेल' निकालात मान्य केले आहे. याचा अर्थ असा, की व्हिसाधारक मत देऊ शकत नसला तरी प्रभागाची सीमा आखताना त्याची पूर्ण एक व्यक्ती म्हणून गणना होते. जनगणनेचा अर्ज कंटाळा करून न भरणारे कुटुंब स्वतःच्या प्रभागाचे वजन दहा वर्षांसाठी कमी करते. पुढील फेररचना २०३० च्या जनगणनेनंतर होईल.

याची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. २०२० च्या जनगणनेनुसार एका प्रभागात साधारण २१ हजार रहिवासी येतात. त्यांतून मुले वगळली, नागरिक नसलेले वगळले, नोंदणी न केलेले आणि मत न देणारे वगळले, की निकाल अवघ्या काही हजार मतांवर ठरतो. जेथे परदेशी नागरिक अधिक, तेथे तोच एक प्रतिनिधी आणखी थोड्या मतदारांनी निवडलेला असतो. अशा प्रभागात नागरिकत्व मिळालेल्या मराठी माणसाचे मत राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीतील त्याच्या मतापेक्षा कितीतरी जड असते. कॅलिफोर्नियाचे राष्ट्राध्यक्षीय मत कोठे जाणार हे सर्वांनाच ठाऊक असते. प्रभागातला निकाल मात्र एखाद्या मोठ्या गृहसंकुलानेही फिरू शकतो.

लहान मतदारसंघ, मोठा पैसा

जेथे थोडी मते निर्णायक असतात, तेथे थोडी मते वळवण्यासाठी मोठा पैसा ओतणेही शक्य होते. लिवाइज स्टेडियम २०१० च्या सार्वमतानंतर उभे राहिले आणि २०१४ मध्ये खुले झाले. त्याची मालकी सार्वजनिक स्टेडियम प्राधिकरणाकडे आहे आणि त्या प्राधिकरणाचे संचालक म्हणजे शहर परिषदेचेच सात सदस्य. भाडेकरू आहे फोर्टीनाइनर्स हा फुटबॉल संघ. म्हणजे परिषदेवर कोण बसते, याच्याशी भाडेकरूचा थेट आर्थिक संबंध आहे.

संघाच्या मालकांशी निगडित समित्यांनी २०२० च्या परिषद निवडणुकीत सुमारे ३० लाख डॉलर आणि २०२२ मध्ये ४० लाखांहून अधिक डॉलर खर्च केले. सव्वा लाखाच्या गावात हा आकडा थक्क करणारा आहे. शहरातील पोलीस कर्मचाऱ्यांच्या संघटनेनेही विरुद्ध बाजूने खर्च केला. ऑक्टोबर २०२२ मध्ये परगण्याच्या नागरी ग्रँड ज्यूरीने परिषदेतील काही सदस्यांच्या संघाशी असलेल्या जवळिकीवर कठोर टीका करणारा अहवाल दिला. तो जाहीर होण्यापूर्वी फोडून त्याबाबत शपथेवर खोटे सांगितल्याबद्दल तेव्हाच्या एका परिषद सदस्याला डिसेंबर २०२४ मध्ये ज्यूरीने दोषी ठरवले.

यावरून प्रभाग पद्धतच चुकीची होती, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. पैसा एकसंध मतदारसंघातही चालतोच. सबंध शहरभर प्रचार करणे अधिक खर्चिक असल्याने तेथे साध्या उमेदवाराचा निभाव लागणे अधिकच कठीण. खरी उणीव आहे ती लक्ष देणाऱ्या मतदारांची. उमेदवाराची ओळख टपालपेटीतल्या चकचकीत पत्रकांतूनच होत असेल, तर ती पत्रके छापणाराच निवडणूक लढवतो. उमेदवाराशी दारात उभे राहून पाच मिनिटे बोललेल्या मतदारावर अशा पत्रकांचा परिणाम फारसा होत नाही.

आपल्या खिशाशी असलेला संबंध

ही सारी चर्चा दूरची वाटत असेल, तर दैनंदिन हिशेब पाहावा. सांता क्लाराची वीज शहराच्या स्वतःच्या मालकीच्या 'सिलिकॉन व्हॅली पॉवर' या उपक्रमातून येते. तो १८९६ पासून चालू आहे. आसपासच्या गावांतील खासगी कंपनीपेक्षा येथील दर कमी असतात. ते दर आणि वीज पिणाऱ्या डेटा सेंटरना द्यावयाच्या परवानग्या, दोन्ही परिषदेच्या हाती आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये मतदारांनी पायाभूत सुविधांसाठी ४० कोटी डॉलरच्या रोख्यांना मान्यता दिली. त्यांची परतफेड मालमत्ता करातून होणार. घराचा हप्ता भरणारा ती प्रत्यक्ष भरेल आणि भाडेकरू भाड्यातून. मार्च २०२४ मध्ये पोलीसप्रमुखाची निवडणूक रद्द करून नेमणूक करावी, हा प्रस्ताव मतदारांनी फेटाळला. पोलीसप्रमुख थेट निवडणारे सांता क्लारा हे कॅलिफोर्नियातील एकमेव शहर आहे.

मात्र सर्वच प्रश्न परिषदेकडे नेऊन उपयोग नाही. शाळांचा कारभार स्वतंत्र निर्वाचित शिक्षण मंडळांकडे, आरोग्य आणि न्यायालयांशी निगडित सेवा परगण्याकडे, तर घाऊक पाणीपुरवठा आणि पूरनियंत्रण आणखी एका निर्वाचित मंडळाकडे असते. कोणत्या तक्रारीचे दार कोणते, हे कळणे ही येथील नागरिकशास्त्राची पहिली पायरी होय.

नागरिकत्वाची वाट न पाहता

मतदानाचा हक्क नागरिकांनाच आहे आणि ज्याला तो नाही त्याने चुकूनही नोंदणी करू नये. तिचे परिणाम व्हिसा आणि ग्रीन कार्डवर होतात. परंतु मत हा सहभागाचा एकमेव मार्ग नाही. १९५३ च्या ब्राउन कायद्यानुसार परिषदेच्या नियमित सभेची विषयपत्रिका किमान ७२ तास आधी जाहीर करावी लागते, आणि सभेत कोणालाही बोलता येते. त्यासाठी नागरिकत्व विचारले जात नाही, नाव सांगण्याचीही सक्ती करता येत नाही. २०१९ च्या राज्य कायद्याने तर नेमणुकीची नागरी पदे नागरिकत्वाची अट न घालता रहिवाशांसाठी खुली केली. शहराच्या सनदेतील अटी तपासून इच्छुकांनी जरूर अर्ज करावा.

न्यायालयाने प्रभाग आखून दिले, पण ते काम तेवढ्यावर संपले नाही. दार उघडले म्हणजे घर आपले झाले असे होत नाही. नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर महापौर आणि प्रभाग क्रमांक दोन व तीन असतील. सिटी मॅनेजर कोण राहणार, स्टेडियमचा करार कोण तपासणार आणि विजेचा दर कोण ठरवणार, याचा निकाल त्या मोजक्या मतांत दडलेला आहे. ज्यांची गणना प्रभाग आखताना झाली, त्यांनी निदान प्रभागाचा उमेदवार कोण हे विचारावे, आणि ज्यांना मत आहे त्यांनी ते शेजारच्या मत नसलेल्या घराचाही विचार करून द्यावे.