दोऱ्यांवरची माणसे आणि सुटकेचा हक्क

मुलांची बाहुल्यांची मालिका हा काय वैचारिक पानावर छापण्याचा विषय आहे, असे काही वाचक विचारतील. खुशाल विचारावे. मुलांच्या हाती समाज कोणत्या गोष्टी देतो, त्यात कोण वीर असतो, कोण चाकर असतो आणि संकटात कोणाचा जीव मोलाचा ठरतो, यावरून त्या समाजाची पारख होते. म्हणून आज ब्रिटनमधल्या ‘थंडरबर्ड्‌स’ या जुन्या मालिकेविषयी लिहितो आहे. 30 सप्टेंबर 1965 रोजी ती आयटीव्ही वाहिनीवर सुरू झाली. जेरी अँडरसन आणि सिल्व्हिया अँडरसन या पतिपत्नीने ती उभी केली. एकूण 32 भाग निघाले. एवढ्या शिदोरीवर ती साठ वर्षे टिकली आहे.

तिचा उगम ध्यानात घेण्यासारखा आहे. 24 ऑक्टोबर 1963 रोजी पश्चिम जर्मनीतील लेंगेडे येथील लोखंडाच्या खाणीवर धातुक धुण्याच्या गाळाचा तलाव फुटला आणि पाणी खाणीत घुसले. त्या वेळी आत 129 कामगार होते. 29 जण मेले. अकरा जण मात्र चौदा दिवस अंधारात तग धरून राहिले आणि 7 नोव्हेंबरला भोक पाडून त्यांना एकेक करून वर काढले गेले. छिद्र पाडण्याची अवजड यंत्रे दुरून आणावी लागत होती आणि खाली माणसे घटका मोजत होती. या बातमीने जेरी अँडरसन अस्वस्थ झाले. अशी यंत्रे आधीच सज्ज असती, हाक येताच जगात कुठेही पोहोचली असती तर? या प्रश्नातून मालिकेतली ‘इंटरनॅशनल रेस्क्यू’ ही संस्था जन्मली. म्हणजे या साहसकथेच्या मुळाशी राजपुत्र नाही, खजिना नाही. मातीखाली अडकलेला मजूर आहे.

गोष्ट सोपी आहे. जेफ ट्रेसी हा माजी अंतराळवीर आता श्रीमंत झाला आहे. एका बेटावर तो आपल्या पाच मुलांसह गुप्तपणे राहतो. स्कॉट, व्हर्जिल, ॲलन, गॉर्डन आणि जॉन ही त्यांची नावे अमेरिकेच्या पहिल्या अंतराळवीरांवरून घेतलेली आहेत. पाच महाकाय याने आहेत. कुणी संकटात सापडले की ती निघतात. शत्रूचा मुलूख जिंकायला नव्हे, माणसे वाचवायला. मुलांच्या साहसकथांत पिस्तुलाशिवाय पान हलत नसे, त्या काळातली ही गोष्ट आहे. इथेही गोळीबार आहेच, पण भाग संपतो तो माणूस वाचल्यावर.

आता त्या बाहुल्यांविषयी. आपल्याकडे पिंगुळीच्या ठाकर कलावंतांनी जपलेल्या कळसूत्री बाहुल्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना दोरीवरची बाहुली म्हणजे काय ते सांगायला नको. इथे दोरीच्या जागी अतिशय बारीक तारा होत्या आणि त्यांतून वीज खेळत होती. आधी नटांचे आवाज ध्वनिमुद्रित करायचे. त्या आवाजाच्या विद्युतलहरी तारेतून बाहुलीच्या डोक्यात बसवलेल्या छोट्या विद्युतचुंबकी यंत्रापर्यंत जायच्या आणि शब्दाबरोबर ओठ हलायचा. या पद्धतीला त्यांनी ‘सुपरमॅरिओनेशन’ असे भारदस्त नाव दिले होते. यंत्र डोक्यात बसवायचे म्हणून डोकी अंगाच्या मानाने मोठी झाली. चेहऱ्याचे स्नायू हलत नसत. म्हणून हसऱ्या प्रसंगाला हसरे डोके आणि रागाच्या प्रसंगाला आठ्या पडलेले डोके, अशी डोकीच बदलायची. (राजकारणात हे तंत्र तारांशिवायही चालते.)

बाहुल्यांना नीट चालता येत नसे. मग काय करायचे? त्यांना चालायला लावायचेच नाही! सरकत्या खुर्च्या, फिरत्या भिंती, घसरगुंड्या, यानापर्यंत नेणारे कोच. ज्या दृश्यांसाठी मुले जीव टाकत, ती सारी या अडचणीतून निघाली आहेत. हाताचे बारीक काम दाखवायचे असले की सरळ खऱ्या माणसाचा हात दाखवायचा.

हे काम स्लाव शहरातल्या कारखान्यांच्या वसाहतीत चाले. क्रिस्टीन ग्लॅनव्हिल, मेरी टर्नर यांच्यासारख्या स्त्रिया उंच फळीवर उभ्या राहून खालच्या बाहुल्यांच्या तारा ओढत. यानांच्या प्रतिकृती आणि स्फोट हे डेरेक मेडिंग्ज यांचे खाते. नवीकोरी प्रतिकृती खोटी दिसते, म्हणून ते तिला काजळी आणि ओघळ लावून वापरलेली करीत. खेळण्यांच्या संचातले सुटे भाग यंत्रांवर चिकटवत. एका यानाच्या तळाच्या भिंतीवर चक्क लिंबू पिळायचे प्लास्टिकचे यंत्र बसवलेले आहे! पुढे याच मेडिंग्जनी बाँडपटांचे आणि ‘सुपरमॅन’चे काम केले. हाताने काम करणाऱ्याची बुद्धी काय असते, हे ज्याला पाहायचे आहे त्याने हे भाग पाहावेत.

पण कौतुक करताना डोळे मिटायचे नाहीत. ही गोष्ट शंभर वर्षांनंतरच्या जगात घडते. माणूस सूर्याच्या जवळ जाऊन येतो, अणुशक्तीवर विमाने उडतात. आणि त्या जगातही लेडी पेनेलोपी मागे बसते, पार्कर गाडी हाकतो. ट्रेसींच्या बेटावर चाकरी करतो तो किरानो, मलेशियाचा. मालिकेतला मुख्य खलनायक हूड हा त्याचाच सावत्र भाऊ, जंगलातल्या देवळात बसून जारणमारण करणारा. तंत्र गोऱ्यांकडे आणि मंत्र आशियाईंकडे, अशी ही वाटणी आहे. यंत्राची कल्पना शंभर वर्षे पुढे धावते आणि माणसामाणसातल्या पायरीची कल्पना जागची हलत नाही, हे आपल्या वाचकाला नवे नाही. त्यातल्या त्यात किरानोची मुलगी टिन-टिन शिकून येते आणि ‘सन प्रोब’ या भागात यानातून सूर्याकडे झेपावते. चाकराची मुलगी यंत्रापाशी पोहोचली, एवढे श्रेय द्यायला हवे. पुढे मात्र तिला दुय्यमच ठेवले.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. हे वाचवणे श्रीमंताच्या मर्जीवर आहे. ट्रेसी पैसा घेत नाही, नाव सांगत नाही, हे त्याचे मोठेपण. पण खड्ड्यातल्या माणसाचा वर येण्याचा हक्क कोणता? आणि त्याला खड्ड्यात घालणाऱ्याचे काय? ‘पिट ऑफ पेरिल’ या भागात लष्कराचे अवाढव्य चालते यंत्र जमिनीत कोसळते. तो खड्डा म्हणजे लष्करानेच टाकलेल्या भंगाराचा जुना उकिरडा, वरून माती लोटून झाकलेला आणि आत धुमसणारा. माणसे वाचतात, भाग संपतो. उकिरडा झाकणाऱ्याला कुणी जाब विचारत नाही.

मालिकेचे शेवटचे भाग 1966 मध्ये दाखवले जात होते. त्याच ऑक्टोबरच्या 21 तारखेला, शुक्रवारी सकाळी, वेल्समधल्या ॲबरफान गावावर कोळसाखाणीच्या टाकाऊ मालाचा डोंगर घसरला. तो पाण्याच्या झऱ्यावर रचलेला होता. पँटग्लास शाळेत वर्ग नुकतेच सुरू झाले होते. 116 मुले आणि 28 मोठी माणसे गाडली गेली. खाणीतून बाप धावत आले आणि हातांनी चिखल उपसू लागले. अकरा वाजल्यानंतर कुणीही जिवंत निघाले नाही. लेंगेडेला खाणीच्या धुणावळीचा गाळ, इथे खाणीचा कचरा. दोन्ही ठिकाणी मजुराच्याच श्रमातून निघालेली घाण मजुराच्या डोक्यावर रचून ठेवलेली होती.

शाळेमागच्या ढिगाचा धोका स्थानिक कौन्सिलातून पत्रांनी आधीच कळवलेला होता. चौकशी न्यायाधिकरणाने 1967 मध्ये सरकारी नॅशनल कोल बोर्डावर ठपका ठेवला. एकाही अधिकाऱ्यावर खटला झाला नाही, एकाचीही नोकरी गेली नाही. उरलेले ढीग हलवा म्हणून गावाने आक्रोश केला, तेव्हा त्या खर्चापोटी लोकांनी पीडितांसाठी दिलेल्या मदतनिधीतून दीड लाख पौंड वळते करून घेतले गेले. ही रक्कम परत मिळाली 1997 मध्ये, तीही व्याजाविना. 2007 मध्ये वेल्सच्या सरकारने आणखी वीस लाख पौंड दिले. तोवर ज्या आईबापांनी ढीग हटवण्यासाठी मोर्चे काढले होते, त्यांच्यातले कित्येक हयात नव्हते.