म्हातारं कुत्रं कुणाच्या दारात?

प्राण्यांच्या निवाऱ्यात रविवारी सकाळी पाहुणे आले की काय होते, हे तिथे झाडलोट करणाऱ्या माणसाला विचारावे. सगळे जण आधी पिल्लांकडे वळतात. मुले पिल्ले मांडीवर घेतात, फोटो काढतात, जागच्या जागी नावेही ठेवून टाकतात. परतीच्या वाटेवर एक पिंजरा लागतो. त्यातले तोंड पांढरे झालेले कुत्रे उठून बसते, शेपटी दोनदा हलवते आणि पावले पुढे गेली की पुन्हा आडवे होते. ‘याचं वय काय?’ असे कुणी विचारलेच, तर ‘नऊ-दहा’ हे उत्तर ऐकल्यावर दुसरा प्रश्न येत नाही.

एरवी हा ज्याच्या त्याच्या घरातला विषय. २०२५ साली मात्र तो चव्हाट्यावर आला. ११ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने दिल्ली आणि परिसरातली सगळी भटकी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश दिला. गदारोळ उडाला. अकरा दिवसांनी, २२ ऑगस्टला, तीन न्यायमूर्तींच्या पीठाने त्यात बदल केला. नसबंदी आणि लसीकरण करून कुत्री होती तिथेच सोडावीत, पिसाळलेली आणि आक्रमक तेवढी सोडू नयेत, असे ठरले. पुढे ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, बसस्थानके आणि रेल्वे स्थानके यांच्या आवारातली कुत्री हलवावीत व पुन्हा तिथे सोडू नयेत, असा आदेश झाला.

या आदेशांवर दोन्ही बाजूंनी भरपूर लिहिले गेले. ज्यांच्या लेकराला कुत्रे चावले त्यांच्या संतापाला ‘भूतदया नाही’ म्हणून हिणवणे अन्यायाचे आहे. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. पण या धुमश्चक्रीत २२ ऑगस्टच्या आदेशातली एक गोष्ट मागे पडली. ज्यांना भटके कुत्रे दत्तक घ्यायचे असेल त्यांनी महापालिकेकडे अर्ज करावा आणि ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी घ्यावी, असे न्यायालयाने म्हटले होते. आता ज्या कुत्र्यांचे आवार सुटायचे ती कोणती, याचा विचार करा. हमालांच्या पायाशी, चहावाल्याच्या उरलेल्या पावावर वर्षानुवर्षे काढलेली कितीतरी जुनी जनावरे त्यांत असणार. २०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे दीड कोटी भटकी कुत्री मोजली गेली. इतक्या जनावरांना पिंजरे पुरणार नाहीत, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. आणि पिंजऱ्यात गेलेल्यांपैकी पिल्लांना घर मिळेलही, म्हाताऱ्यांचे काय?

निवाऱ्यात आणखी एक जमात असते, तिची चर्चा कमी होते. हजारो रुपये मोजून आणलेली लॅब्रॅडॉर, पामेरियन, हस्की. घर बदलले, परदेशी बदली झाली, बाळ आले किंवा डॉक्टरचे बिल वाढले की एके दिवशी गाडीचे दार उघडते आणि कुत्रे हायवेवर उतरते. प्राण्यांना उपाशी-तहानलेले राहतील अशा रीतीने सोडून देणे हा १९६० च्या कायद्याने गुन्हा ठरवला, पण पहिल्या गुन्ह्याला दंड लावला दहा ते पन्नास रुपये! रस्त्यावर वाढलेल्या कुत्र्याला निदान वाहने चुकवता येतात. सोफ्यावर वाढलेल्याला तेही येत नाही.

आमच्या घरी राजा आला तो असाच. बिऱ्हाड हलले, कुत्रे जिन्याखाली राहिले. वय अंदाजे दहा, डोळ्यांत निळसर धुके, मागचे पाय लुळे. ‘मी सत्तरीची, हा दहाचा. कोण कुणाला सांभाळणार?’ असे म्हणून आईने विरोध केला. पहिला आठवडा तो कपाटामागेच बसून होता. तिसऱ्या आठवड्यात दुपारच्या झोपेला आईच्या खाटेखाली जाऊ लागला. फिरायला न्यायचे काम तिने कधी घेतले, आमच्या लक्षातही आले नाही. दोघांची चाल एक होती.

भावनेच्या भरात हा निर्णय घेऊ नये, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. मोठ्या चणीचे कुत्रे सात-आठ वर्षांत उतारवयाला लागते, लहान चणीचे थोडे उशिरा. आणण्यापूर्वी रक्ततपासणी करून मूत्रपिंड आणि यकृताचा अंदाज घ्यावा, दात बघून घ्यावेत. आपल्याकडे गोचिडांचा ताप सर्रास आढळतो, त्याचीही तपासणी हवी. गुळगुळीत लाद्यांवर संधिवाताचे पाय घसरतात, म्हणून जुन्या सतरंज्या अंथराव्यात. रात्री एकदा बाहेर न्यावे लागेल, घरात शू होईल, त्यावर ओरडून उपयोग नाही. लिफ्ट नसलेल्या चौथ्या मजल्यावर मोठे कुत्रे नेऊ नका. घरात रांगते मूल असेल तर बहिऱ्या, दुखऱ्या कुत्र्याला झोपेत धक्का लागून ते दचकून चावू शकते, म्हणून जरा थांबा. औषधांचा खर्च दरमहा येईल असे धरूनच हो म्हणा.

उलट, पिल्लू म्हणजे बारा-चौदा वर्षांचा करार. निवृत्त जोडप्याला भेट म्हणून पिल्लू आणून देणारी मुले हा हिशेब करत नाहीत. ते बूट कुरतडते, दोर ओढून माणसाला पाडते आणि साठीच्या माणसाला पंचाहत्तरीपर्यंत बांधून ठेवते. म्हाताऱ्या कुत्र्याचा स्वभाव ठरलेला असतो. ते मुलांत रमते की नाही, मांजर सहन करते की नाही, हे निवाऱ्यातला माणूस सांगू शकतो. पिल्लाबद्दल अशी खात्री कोण देणार?

याने शहरातली कुत्री कमी होणार नाहीत, त्याला नसबंदीच हवी. पण पिंजरा रिकामा होतो आणि रस्त्यावरून उचललेल्या दुसऱ्या जनावराला जागा मिळते. मग महापालिकांनी दत्तकाचा अर्ज साध्या मराठीत छापून वॉर्ड ऑफिसात ठेवायला काय हरकत आहे? वयस्क कुत्र्याच्या उपचारांत पालिकेच्या दवाखान्यात सवलत दिली तर कितीतरी घरांचे ‘बघू’ हे ‘आणू’ होईल. आणि सोसायट्यांचे काय? पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदीचा ठराव करता येत नाही, असे भारतीय पशुकल्याण मंडळाने सांगून ठेवलेले असतानाही लिफ्टमध्ये कुत्र्याला मनाई करणाऱ्या पाट्या दिसतातच. पायऱ्या चढू न शकणाऱ्या कुत्र्याचे दत्तक तिथेच संपते.

राजा आमच्याकडे एकोणीस महिने राहिला. शेवटचे दोन महिने त्याला उचलूनच खाली न्यावे लागे. तो गेल्यावर महिनाभराने आईनेच विचारले, ‘त्या निवाऱ्यात एखादं वयस्कर आहे का बघ. फार मोठं नको, मला उचलता आलं पाहिजे.’