विनोदाच्या खात्यावर मांडलेले पाणी

स्कूबा डायव्हर मंडळींच्या विनोदातली पात्रे ठरलेली आहेत. जर्मन डायव्हर प्रत्येक उपकरण दोन-दोन बाळगतो. इंग्रज गढूळ, गारठलेल्या पाण्यात काहीही न पाहता वर येतो आणि चहा पीत ‘छान झालं’ म्हणतो. अमेरिकन माशांपेक्षा प्रमाणपत्रेच अधिक गोळा करतो, आणि जपानी माणसाला कॅमेऱ्यामुळे समुद्र दिसतच नाही. यात वावगे ते काय, असे आमच्या व्यवसायबंधूंपैकीही काही जण विचारतात. पु. ल. देशपांडे यांनी मुंबईकर, पुणेकर आणि नागपूरकर यांची अशीच थट्टा केली नव्हती काय, हा त्यांचा हुकमी सवाल. (मी स्वतः कमरेएवढ्या पाण्यापलीकडे कधी गेलेलो नाही, हे आधीच कबूल करतो. पण विनोदमीमांसा हा तर आमच्या अभ्यासक्रमातलाच विषय!)

हे विनोद खोटे आहेत, अशी माझी तक्रार नाही. ते पुष्कळसे खरे आहेत, आणि गोम तिथेच आहे. मध्य युरोपातल्या खोल सरोवरांच्या तळाशी पाणी चार-पाच अंशांवर असते. टाकीतली दाबाखालची हवा सुटताना आणखी थंड होते. मग रेग्युलेटरमध्ये बर्फ धरतो, झडप उघडीच राहते आणि हवा भसाभसा वाहून जाते. म्हणून तिकडचा डायव्हर एका टाकीला दोन स्वतंत्र रेग्युलेटर जोडायला शिकतो. एक गोठला तर तो बंद करून दुसऱ्यावर श्वास घ्यायचा. हीच जीव वाचवणारी सवय घेऊन तो तांबड्या समुद्राच्या कोमट पाण्यात उतरला, की हास्यास्पद ठरतो.

इंग्रजाचेही तेच. लेस्टरशरमधली स्टोनी कोव्ह ही पाण्याने भरलेली जुनी दगडखाण आहे. समुद्रापासून दूर राहणारे कितीतरी इंग्रज डायव्हर तिथेच तयार झाले. आणि १९६६ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या ‘पॅडी’ने प्रशिक्षणाचे छोटे-छोटे अभ्यासक्रम केले, प्रत्येकाचे वेगळे कार्ड दिले. विकायला ठेवलेली कार्डे गिऱ्हाईक गोळा करणार नाही तर काय करणार? जे पाण्याच्या तापमानाचे आणि संस्थेच्या रचनेचे, ते हा विनोद बिनदिक्कत रक्ताच्या खात्यावर मांडतो. कादंबरीतल्या माणसाचे वागणे ‘मातीचा गुण’ म्हणून निकालात काढणाऱ्या आमच्या समीक्षेने मात्र यावर फार हसू नये.

राहता राहिले पु. ल. त्यांनी तर वाचकाला विचारले आहे, तुम्हाला यांपैकी कोण व्हायचे आहे? म्हणजे पुणेकर होणे ही शिकून येणारी गोष्ट आहे, जन्माने चिकटणारी नव्हे. या एका क्रियापदात डायव्हरांच्या सगळ्या विनोदांचे खंडन आहे. त्यांनाच साक्षीला बोलावणाऱ्यांनी तो लेख पुन्हा वाचावा.

आता या विनोदात कोण नाही, तेही पाहू. तांबड्या समुद्रात ‘थिसलगॉर्म’ हे ब्रिटिश मालवाहू जहाज तळाशी पडलेले आहे. ऑक्टोबर १९४१ मध्ये जर्मन विमानांनी ते बुडवले, त्यात नऊ माणसे मेली. आज जर्मन आणि इंग्रज पर्यटक एकाच दोरीला धरून त्याच्याकडे उतरतात आणि वर येऊन एकमेकांवर विनोद करतात. हे चांगलेच आहे. वैर हसण्यावारी गेले, याचे श्रेय विनोदाला दिलेच पाहिजे. पण ती दोरी आधी प्रवाहात उडी मारून, खाली जाऊन जहाजाला बांधतो तो बहुधा इजिप्शियन गाइड. टाक्या उचलणारे, बोट सांभाळणारे खलाशीही त्याच देशाचे. विनोदात मात्र त्यांना राष्ट्रीयत्वच नाही. ते नुसते ‘लोकल’. राष्ट्रीय स्वभाव असण्याचा मान तिकीट काढणाऱ्याला मिळतो, दोरी बांधणाऱ्याला नाही.

संध्याकाळी पाहुणे हॉटेलांत परतल्यावर बोट धुताना ही मंडळी आपापसांत अरबीत काय बोलतात, कुणाकुणाच्या नकला करतात, ते कोणी टिपून ठेवले असेल तर मला वाचायचे आहे.