ड्रोन आकाशात, धूर आपल्या गल्लीत



जयंतीच्या बैठका सुरू झाल्या की हल्ली एक नवा वाद ऐकू येतो. तरुण पोरं मोबाइलवर व्हिडिओ दाखवतात. आकाशात शेकडो दिव्यांनी काढलेलं चित्र, ना धूर ना आवाज. म्हणतात, फटाके बंद करा, ड्रोन शो आणू. जुनी मंडळी म्हणतात, रात्री बाराला बार उडाला नाही तर ती जयंती कसली?

माझं मत आधीच सांगते. मोठ्या मैदानावर, सरकारी आणि पुढाऱ्यांच्या खर्चाने जी आतषबाजी होते, तिथे ड्रोन जरूर यावेत. पण आपल्या गल्लीतला फटाका ड्रोनने बंद होणार नाही. तो आपल्यालाच बंद करावा लागेल.

ड्रोन शो म्हणजे काय ते आधी समजून घ्या. २९ जानेवारी २०२२ ला दिल्लीत विजय चौकात बीटिंग रिट्रीटच्या वेळी १,००० ड्रोन उडवले. आयआयटी दिल्लीतून पुढे आलेल्या तरुणांच्या कंपनीने ते बनवले होते. प्रत्येक ड्रोनला दिवा आणि बॅटरी, आणि कोणी कुठे जायचं हे जमिनीवरचा संगणक सांगतो. खेळ साधारण दहा मिनिटांचा. खाली मोकळी जागा लागते, जिथे माणूस उभा नसेल. वारा-पाऊस चालत नाही. विमानतळाजवळ परवानगीशिवाय उडवता येत नाहीत, म्हणजे कुर्ला-घाटकोपरच्या वस्त्यांचा प्रश्न तिथेच अडला. खर्च लाखांच्या घरात. आणि धोका अजिबात नाही असंही समजू नका. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतल्या ऑरलँडो शहरात नाताळच्या कार्यक्रमात ड्रोन एकमेकांवर आदळून गर्दीत पडले. ७ वर्षांच्या मुलाच्या छातीला मार लागला, हृदयावर शस्त्रक्रिया करावी लागली.

आता आपली गल्ली आठवा. दोन्ही बाजूंना घरं, मध्ये हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील एवढी वाट, वर पत्रे, विजेच्या वायरी. इथे ड्रोन येणार कुठून? तो उडणार चौपाटीवर नाहीतर स्टेडियममध्ये. लोक टाळ्या वाजवतील, पेपरात फोटो येईल, शहर प्रदूषणमुक्त झालं असं छापून येईल. इकडे आपल्या गल्लीत हजाराची लड लागलेलीच असेल.

दवाखान्यात नोकरीला असताना दिवाळीच्या आणि १४ एप्रिलच्या दुसऱ्या दिवशी वाफ देण्याच्या मशीनसमोर रांग लागायची. एकाची वाफ संपेपर्यंत दुसऱ्याला तोंड उघडं टाकून बसलेलं बघायचं. त्यात म्हातारी माणसं असत, ज्यांना कधीकाळी टीबी होऊन गेला आणि फुप्फुसाचा एक भाग कायमचा निकामी झाला. दम्याची लेकरं असत. चुलीच्या धुरात आयुष्य गेलेल्या बाया असत. आपल्या बहुतेक घरांना एकच दार असतं. त्या दारातून शिरलेला धूर तासन्‌तास आतच राहतो. बंगल्यातला माणूस खिडक्या लावून एसी चालू करतो. आपण दार लावलं तर गुदमरतो आणि उघडलं तर धूर आत.

एक गोष्ट फार जणांना ठाऊक नसते. आवाज नसलेला फटाका निरुपद्रवी, असं समजून आपण लहान लेकरांच्या हाती फुलबाजी आणि नागगोळी देतो. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने २०१६ मध्ये विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांसोबत वेगवेगळ्या फटाक्यांचा धूर मोजला. सगळ्यात जास्त बारीक धूळ कशातून निघाली? नागगोळीतून! हजाराची लड तिच्या मागे. फुलबाजीतूनही अनारापेक्षा जास्त निघाली. आणि नागगोळी पेटवताना लेकराचं तोंड कुठे असतं? थेट त्या धुरावर, वाकून.

'ग्रीन फटाके आणले आहेत, ताई' असं मंडळाची पोरं अभिमानाने सांगतात. ते सूत्र आपल्या नागपूरच्याच नीरी संस्थेने काढलं आहे. त्यात धूळ साधारण ३० टक्के कमी होते. म्हणजे उरलेली ७० टक्के छातीत जातेच. शिवाय डब्यावरचा हिरवा शिक्का खरा की खोटा, हे फुटपाथवरच्या गाड्यावर कोण तपासणार?

कायद्याचंही बोलू, कारण इथे आपल्या लोकांचा राग असतो आणि तो बिनबुडाचा नाही. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिवाळीला आणि इतर सणांना रात्री ८ ते १० हीच वेळ ठरवली, लडीवर आणि बेरियमवर बंदी घातली. ३१ डिसेंबरला मात्र रात्री ११.५५ ते १२.३० अशी सूट दिली. नव्या वर्षाच्या मध्यरात्रीला ३५ मिनिटं मिळाली, १३ एप्रिलच्या मध्यरात्रीला नाही. मग आमच्याच जयंतीला पोलिसांना कायदा का आठवतो, असं पोरं विचारतात. ही तफावत मलाही खटकते. ती जिथे मांडायची तिथे मांडूच. पण तशी सूट आपल्याला मिळाली तरी मी ती वापरू नका असंच म्हणेन. बाराच्या ठोक्याला दचकून उठणारं दहा दिवसांचं बाळ आपल्याच शेजारणीचं असतं. आणि सकाळी रस्त्यावरचा तो लाल कागद, बारूद, काचा झाडायला कोण येतं? सफाई कामगार, म्हणजे बहुतेक वेळा आपल्यातलीच बाई किंवा बाप्या, हातमोजे नाहीत की मास्क नाही. ज्या शिवकाशीत हे बनतात तिथेही गरिबाघरच्या बायाच बारूद भरतात. ५ सप्टेंबर २०१२ ला तिथल्या एका कारखान्यात स्फोट होऊन ३५ हून जास्त माणसं गेली.

म्हणून मंडळांना माझं म्हणणं असं. वर्गणीतून फटाक्यांसाठी एक रुपयाही काढू नका. विहाराला, गल्लीला रोषणाई करा, कंदील लावा, मध्यरात्री मेणबत्त्या घेऊन सगळे बाहेर या. वर्षभर राबणाऱ्या माणसाला एक रात्र उजेड हवाच, त्याला माझा विरोध नाही. हजाराच्या दोन-तीन लडींच्या पैशात वाफेचं मशीन येतं. ते विहारात ठेवा, औषध डॉक्टरांनी लिहून दिलेलंच वापरा. आणि पालिका ड्रोन शो करणारच असेल, तर वॉर्ड ऑफिसात अर्ज द्या की एखाद्या वर्षी तो आमच्या बाजूच्या मैदानावरही करा. कराचा पैसा आपलाही आहे.

तरीही कोणी उडवणारच. तेव्हा एवढं घरात सगळ्यांना वाचून दाखवा.

भाजलं तर लगेच नळाच्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं धरा. बर्फ नको. टूथपेस्ट, शाई, हळद, तूप काहीही लावू नका. आम्हाला ते खरवडून काढावं लागतं आणि लेकरू किंचाळतं. बांगडी, अंगठी सूज येण्याआधी काढा. फोड फोडू नका. धुतलेल्या सुती कापडात सैल गुंडाळून त्याच रात्री दवाखान्यात न्या, धनुर्वाताचं इंजेक्शन विचारा.

डोळ्याला लागलं तर चोळायचं नाही, दाबायचं नाही, दूध-गुलाबपाणी टाकायचं नाही. काही रुतलं असेल तर ओढू नका, वर कागदी पेला पालथा धरून डोळ्यांच्या दवाखान्यात जा. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात पाइपची कार्बाइड गन खेळताना कितीतरी लेकरांचे डोळे गेले. असला पाइप पोराच्या हातात दिसला तर आधी तो काढून घ्या. त्याची भुकटी डोळ्यात गेली तर स्वच्छ पाण्याने सतत धूत राहा आणि धूत धूतच न्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरं न फुटलेले फटाके गोळा करतात, कागद सोलून बारूद एकत्र करतात. हाताची बोटं गेलेली पोरं मी बघितली आहेत ती बहुतेक अशीच, सकाळची. म्हणून उजाडण्याआधीच बादलीभर पाणी घेऊन गल्लीतून फिरा, फुसके फटाके भिजवा.

दम्याच्या माणसाचा पंप उशाशी ठेवा. तोंडाला रुमाल बांधून बारीक धूळ थांबत नाही. शक्य असेल तर त्या रात्री त्यांना दुसऱ्या वस्तीतल्या नातेवाइकांकडे पाठवा. ओठ निळे पडले, बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या किंवा एक वाक्य सलग बोलता येईना, तर सकाळची वाट बघू नका. १०८ ला फोन करा, आणि गाडी गल्लीत शिरत नसेल तर एकाला आधीच नाक्यावर उभं करा.