एक बटण, दोन निर्णय

ऑक्टोबर २००३ पासून मायक्रोसॉफ्टचे मासिक पॅच महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. भारतात तेव्हा रात्रीचे साडेदहा किंवा साडेअकरा वाजलेले असतात, त्यामुळे त्यांची चाहूल कार्यालयांना लागते ती बुधवारी सकाळी. हा बुधवार ९ ते १५ तारखेच्या दरम्यान कधीही पडतो, आणि जीएसटीआर-१ची शेवटची तारीख असते ११. करसल्लागाराच्या कार्यालयात त्या दिवशी ‘रीस्टार्ट करा’ असे पडद्यावर झळकले, की माउस ‘नंतर’कडे वळणार हे सांगायला ज्योतिषी नको. मग २० तारखेला जीएसटीआर-३बी. ते आटोपून श्वास घ्यावा, तोवर पुढचा मंगळवार जवळ आलेला असतो.

ऑपरेटिंग सिस्टीम कधी अपडेट करायची हे कागदोपत्री आयटी विभाग ठरवतो. प्रत्यक्षात ते ठरवतात डिजिटल सिग्नेचरच्या टोकनचा ड्रायव्हर, हजेरीचे बायोमेट्रिक यंत्र आणि पावत्या छापणारा जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. यात हसण्यासारखे काही नाही. मागच्या खेपेला प्रिंटर बंद पडला आणि दिवसभर शिव्या खाल्ल्या, ही आठवण कोणत्याही सुरक्षा-इशाऱ्यापेक्षा जास्त दिवस टिकते.

ही सावधगिरी चूक नाही. ती भलत्या ठिकाणी खर्च होते. सुरक्षेचा मासिक पॅच आणि सिस्टीमची नवी आवृत्ती हे दोन वेगळे निर्णय आहेत. वापरणाऱ्याला मात्र दोन्ही एकाच खिडकीत, जवळजवळ एकाच बटणामागे दिसतात. विंडोजच्या प्रो आवृत्तीतली धोरणे पाहिली तर फरक स्पष्ट होतो: मासिक पॅच जास्तीत जास्त ३० दिवस मागे ठेवता येतो, नवी आवृत्ती ३६५ दिवस. उबुंटूचा रिवाजही तसाच. एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ आधार मिळणारी आवृत्ती, वापरणाऱ्याला पुढच्या एलटीएसचे आमंत्रण तिची पहिली सुधारित आवृत्ती निघाल्यावरच मिळते; २४.०४ एप्रिल २०२४ मध्ये आली, पण २४.०४.१ साठी ऑगस्टअखेरपर्यंत थांबावे लागले. वाट पाहायला खुद्द निर्मातेच सांगतात, फक्त कशाची ते नीट वाचायला हवे.

आवृत्तीच्या बाबतीत घाई कशी अंगाशी येते, याचा दाखला म्हणजे विंडोज १० ची १८०९ ही आवृत्ती. २ ऑक्टोबर २०१८ ला ती आली आणि काही जणांच्या डॉक्युमेंट्समधल्या फाइल पुसल्या गेल्या. चार दिवसांत मायक्रोसॉफ्टने वितरण थांबवले. दुरुस्त होऊन ती परत आली १३ नोव्हेंबरला. जे महिनाभर आळशीपणे बसून राहिले, त्यांचे काहीच गेले नाही.

पॅचच्या बाबतीत हाच आळस महागात पडतो. वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने विंडोजच्या ज्या भगदाडातून शिरकाव केला, ते बुजवणारा पॅच १४ मार्च २०१७ ला उपलब्ध होता. हल्ला झाला १२ मे रोजी. दोष म्हाताऱ्या विंडोज एक्सपीला दिला गेला, पण लागण झालेली बहुसंख्य यंत्रे विंडोज ७ वर चालत होती, म्हणजे त्यांच्यासाठी पॅच तयारच होता. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या या दुसऱ्या व्हायरसने मर्स्क ही जहाज कंपनी ठप्प केली आणि त्याचा फटका जेएनपीटी बंदरातल्या जीटीआय टर्मिनलपर्यंत पोहोचला. नॉटपेट्या यंत्रातले पासवर्डही चोरत असे. कार्यालयातला एक संगणक पॅचविना राहिला, तर बाकीचे पॅच केलेले संगणकही त्याच्या टप्प्यात येत. एक अडचणीची गोष्टही इथेच नोंदवायला हवी: नॉटपेट्या पहिल्यांदा पसरला तो युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच. म्हणून पॅचही आधी दोन-चार बिनमहत्त्वाच्या संगणकांवर घालावा, टोकन आणि प्रिंटर तपासावेत, आणि १२ तारखेपासून उरलेल्या यंत्रांकडे वळावे. त्यासाठी आठवडा पुरतो, तिमाही लागत नाही.

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला, ऐन दिवाळीच्या तोंडावर संपला. टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप नसल्याने पुढच्या आवृत्तीवर जाऊ न शकणाऱ्या जुन्या संगणकांसाठी संस्थांना विस्तारित सुरक्षा विकत घेता येते: पहिल्या वर्षी प्रत्येक यंत्रामागे ६१ डॉलर, दुसऱ्या वर्षी दुप्पट, तिसऱ्या वर्षी त्याच्याही दुप्पट. पहिले वर्ष टाळून दुसऱ्या वर्षी येणाऱ्याला टाळलेल्या वर्षाचेही पैसे मोजावे लागतात.